बाबांच्या पद्मिनीचं छप्पर कापून उघडी गाडी करायची आहे, वखारीत जमेल का?

लालबागचा_निल्या

नमस्कार मंडळी. बाबांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी आहे, क्रीम रंगाची. पहिल्यापासून आमच्याकडेच. बुकिंग करून पाच वर्षं वाट बघितल्यावर मिळालेली, त्यामुळे घरात तिला माझ्यापेक्षा जास्त मान. (मी बुकिंगशिवाय आलो.) गेली सहा वर्षं ती मामांच्या रे रोडच्या लाकडाच्या वखारीत ताडपत्रीखाली उभी आहे. दर रविवारी जाऊन इंजिन चालू करतो. पहिल्या नाही तर तिसऱ्या सेल्फला लागतं.

ताईचं लग्न डिसेंबरात आहे आणि माझ्या डोक्यात असं बसलंय की वरात उघड्या पद्मिनीतून काढायची. पुढच्या काचेच्या वरून आणि मागच्या काचेच्या खालून कापायचं, मधले खांब कमरेइतके ठेवायचे, कापलेल्या कडांना पाइप वेल्ड करायचा आणि वर जीपसारखा रेक्झिनचा हूड. चारही दारं तशीच. वखारीत वेल्डिंग मशीन आहे, ग्राइंडर आहे, जागा आहे. मामांचा वेल्डर म्हणतो दोन दिवसांचं काम. त्याने आजवर पाण्याच्या टाक्यांचे स्टँड आणि गणपतीच्या मंडपाचे सांगाडे केलेत.

हे कोणी केलंय का? खर्च किती येतो? आणि पावसाळ्यात काय करायचं?

बाबांना विचारलं तर "तुझं तू बघ" म्हणाले आणि परत पेपरात डोकं घातलं. आमच्याकडे याचा अर्थ नाही असा होतो, पण तोंडाने नाही म्हणाले नाहीत.

वडाळ्याच्या_खेपा

रंगाचा बेरंग करतो, माफ कर.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाच. गाडी बनवणाऱ्याने जी मूळ माहिती दिली आणि जी तुझ्या आरसीवर आहे, तिच्याशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ला सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलं. रंग बदल, छोट्या अॅक्सेसरी लाव, पण बॉडीचा सांगाडा बदलायचा नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. तुझ्या आरसीवर सलून (म्हणजे बंद छपराची गाडी) लिहिलं असेल आणि फिटनेसला तू नेणार टप नसलेली गाडी. पंधरा वर्षांवरची गाडी, दर पाच वर्षांनी नूतनीकरण. तिथे काय सांगशील, वाऱ्याने उडालं?

दुसरं म्हणजे व्हिंटेज नोंदणी. २०२१पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेचा वेगळा नंबर मिळतो. तुझी गाडी २०३४ साली त्यात बसेल, पण अट अशी की चेसिस, बॉडी आणि इंजिन यात मोठा बदल केलेला नसावा. आज छप्पर कापलंस की तो दरवाजा दहा वर्षं आधीच बंद.

आणि इन्शुरन्सवाल्याला न सांगता कापलंस तर क्लेम विसर.

पत्राकाका

वरच्या गृहस्थांनी कायदा सांगितला, मी पत्र्याचं सांगतो. अडतीस वर्षं डेंटिंगचं काम केलं, आता गुडघ्यांनी राजीनामा दिलाय.

निल्या, पहिलं काम म्हणजे त्या मंडपवाल्या वेल्डरला चहा पाज आणि प्रेमाने घरी पाठव. त्याची चूक नाही. मंडपाचा सांगाडा एका जागी उभा राहतो. गाडीचा सांगाडा खड्ड्यातून जातो.

तुला वाटतंय छप्पर म्हणजे डब्याचं झाकण, उघडलं की डबा तसाच. तुझ्या आईने कधी पंधरा किलोचा तेलाचा डबा आडवा कापून त्यात गवती चहा लावला असेल. बंद डब्यावर उभा राहिलास तरी तो ऐकत नाही. तोच डबा वरून उघडा कर आणि दोन टोकांना धरून पिळ, ओल्या फडक्यासारखा वळतो. पत्रा तोच, जाडी तीच, फक्त चौथी बाजू गेली. पद्मिनीला खाली वेगळी चेसिस नाही. ट्रकला असते, जुन्या जीपला असते. हिचं छप्पर, खांब, दाराखालच्या पेट्या, तळाचा पत्रा सगळं एकत्र वेल्ड केलेलं आहे आणि सगळं मिळून गाडी उभी धरतं. तू त्यातली पाठ काढून घेणार.

हे मी ऐकीव सांगत नाही. १९९३ साली मी आणि माझा एक दोस्त, दोघांनी शिवडीला एका गाळ्यात १९६८ची डिलाइट कापली होती. पद्मिनीचीच थोरली बहीण, तेच १०८९ सीसीचं इंजिन, तेच स्टेअरिंगवरचं गिअर. मी तेव्हा तिशीत, हात चांगला बसलेला, त्यामुळे अक्कल थोडी कमी. गाडी पुढे-मागे लोखंडी घोड्यांवर (टेकूंवर) चढवली, चाकं काढली आणि शनिवारी संध्याकाळी छपराच्या कडेच्या पन्हळीच्या खालून ब्लेड फिरवलं. चौघांनी छप्पर उचललं, भिंतीला लावलं, वडापाव खाल्ला. इतकं हलकं निघालं की आम्ही हसलो. एवढ्याशा पत्र्याने काय होतंय!

रविवारी सकाळी दार उघडायला गेलो तर उघडेना. घोड्या दोन टोकांना, मध्ये गाडीचं स्वतःचं वजन, रात्रीत ती पाटासारखी वाकली होती. दाराच्या वरच्या बाजूला जिथे बोट जायचं तिथे पोस्टकार्ड जाईना. मधे जॅक लावून उचलली तेव्हा दार सुटलं. इथेच आम्हाला कळायला हवं होतं. आम्ही काय केलं? जॅक लावलेल्या स्थितीत तळाला दोन अँगल मारले आणि झालं म्हणालो.

पहिल्या फेरीला सहा जण बसलो. भायखळ्यापर्यंत राजासारखे गेलो. सात रस्त्याला एका खड्ड्यात मागचं चाक गेलं आणि मागचं डावं दार आपोआप उघडलं, तर उजवं अडकून बसलं. उतरायचं म्हणून सगळे कुंपणावरून उड्या मारल्यासारखे उतरले. पांडुहवालदार बघत होता, त्याने शिट्टीसुद्धा वाजवली नाही, नुसता हसला. डॅशबोर्ड असा थरथरायचा की स्टेअरिंग धरलंय की पाटा-वरवंटा, कळत नव्हतं. पंधरवड्यात पुढची काच खालच्या कोपऱ्यातून तडकली, दुसरी बसवली, तीही तडकली. काचेच्या चौकटीला वरून धरणारं काही उरलंच नव्हतं. शेवटी ती गाडी कुर्ल्याला किलोवर गेली. ती दोस्ताच्या वडिलांची होती. ते त्याच्याशी वर्षभर बोलले नाहीत, आणि माझ्याशी त्यानंतरही नाही.

आता, जमतच नाही असं नाही. जगात लोकांनी केलंय. जर्मनीच्या कारमान कंपनीने १९४९पासून फोक्सवॅगन बीटलची उघडी गाडी बनवली, पण दाराखाली आणि तळाला भक्कम बळकटी देऊन. चार दारं आणि उघडं छप्पर हवं तर लिंकन काँटिनेंटल बघ, १९६१ ते ६७. वजन दोन टनांच्या वर. फियाटने स्वतः १९५५ साली ११००च्या यंत्रावर उघडी गाडी काढली होती, ट्रास्फॉर्माबिले नावाची. ती दोन दारांची, दोन माणसांची आणि बॉडीच वेगळी. सलूनचं डोकं उडवून केलेली नव्हे. कारखानेवाल्यांना कापणं सोपं होतं रे, त्यांनीही नाही कापलं.

तरी करायचंच असेल तर क्रम असा. कापायच्या आधी गाडी चाकांवर उभी हवी, सपाट जमिनीवर, आणि दाराखालच्या पेट्यांना मधोमध टेकू. टाकी काढून वखारीच्या बाहेर, बॅटरी सुटी, सीटा आणि खालचं कापड बाहेर. (लाकडाच्या वखारीत वेल्डिंग करणार आहेस हे वाचून मला रात्री झोप लागायची नाही. वाळूच्या दोन बादल्या आणि आग विझवायचा एक भरलेला सिलिंडर हाताशी ठेव, आणि काम संपल्यावर दोन तास तिथून हलू नकोस. ठिणगी भुश्यात जाऊन बसते आणि तू घरी जेवत असताना पेटते.) मग प्रत्येक दाराच्या चौकटीत एक इंची चौकोनी पाइप तिरका वेल्ड करायचा. डावी आणि उजवी बाजू आडव्या पाइपांनी एकमेकींना जोडायची. टेपने प्रत्येक चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून खडूने भिंतीवर लिहायचे. वहीत लिहू नकोस, वही हरवते.

त्यानंतरही कापायचं नाही. आधी बळकटी, मग कापणं. दाराखालच्या पेट्या, ज्यांना गॅरेजात रॉकर म्हणतात, त्या आतून उघडून दोन मिलीमीटरच्या पत्र्याची पेटीत पेटी बसवायची, पुढच्या चाकाच्या भिंतीपासून मागच्या चाकाच्या भिंतीपर्यंत अखंड. तळाला फुलीचा आकार. मागच्या सीटच्या पाठीमागे पूर्ण आडवी भिंत. डॅशबोर्डाच्या खाली एक जाड पाइप, या खांबापासून त्या खांबापर्यंत. काचेच्या दोन्ही खांबांच्या पोटात नळी. मधला खांब कमरेला कापलास तर तो नुसता ठोंब्या उरतो, आणि त्याच ठोंब्यावर पुढच्या दाराचं लॉक आणि मागच्या दाराच्या बिजागऱ्या. म्हणून दोन्ही ठोंबे तळातून आडव्या पेटीने बांधायचे. मागची दारं कायमची वेल्ड करून टाकलीस तर गाडी निम्मी शहाणी होते, पण मग ताई शालू सावरत चढणार कशी, ते तुम्ही बघा.

वेल्डिंग करताना लांब शिवण मारायची नाही. दोन इंच इकडे, दोन इंच तिकडे, मध्ये गार होऊ द्यायचं, नाहीतर उष्णतेनेच सगळं वाकडं होतं. एवढं करून, कर्ण पुन्हा मोजून, मग ब्लेड. आणि नंतर मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बघायला लागतील, कारण वजन वाढलेलं असेल. ब्रेक चारही ड्रमचे आहेत हेही लक्षात ठेव.

दोन दिवस म्हणे.

लालबागचा_निल्या

काका, दोनदा वाचलं. मामांनाही वाचून दाखवलं. भुश्याचं ऐकून त्यांनी वेल्डिंग मशीनची वायरच काढून ऑफिसात ठेवली.

एक विचारतो. रॉकर आतून उघडायच्या म्हणता, त्या चांगल्या आहेत की नाहीत हे कसं बघायचं? वरून तर रंग एकदम मस्त आहे.

पत्राकाका

रंग मस्त असतो तिथेच भीती. आपल्याकडे समुद्राची हवा आणि तुंबलेलं पाणी, मुंबईतली गाडी खालून वर सडते. तुझी २६ जुलै २००५ला कुठे होती? त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पडला होता आणि त्यानंतर वर्षभर मी फक्त तळाचे पत्रे बदलत होतो.

लोहचुंबक घे, फडक्यात गुंडाळ आणि रॉकरवरून फिरव. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मग पायाखालचं मॅटिंग उचल, आणि चालकाच्या टाचेखाली, मागच्या सीटच्या खाली आणि जॅक लावायच्या जागी जाड स्क्रूड्रायव्हर दाबून बघ. ठोकायचा नाही, नुसता अंगठ्याने दाबायचा.

हेराल्डवाली_पार्ल्याची

मध्येच बोलते, कारण उघड्या गाडीचा विषय निघाला की मला राहवत नाही. आमच्या अण्णांकडे स्टँडर्ड हेराल्ड होती, मद्रासला बनलेली, दोन दारांची. काकांनी चेसिसचं सांगितलं ते अगदी खरं, आणि हेराल्ड हे त्याचं उलटं उदाहरण. तिला खाली स्वतंत्र चेसिस आणि वर बॉडी तुकड्यातुकड्यांनी बोल्टने बसवलेली. पूर्ण पुढचा भाग एका झटक्यात पुढे उलटायचा, मेकॅनिक चाकावर बसून इंजिनाशी गप्पा मारायचे. छप्परसुद्धा बोल्टने! इंग्लंडात हेराल्डवाले घरच्या घरी सलूनचं छप्पर काढून हूड बसवतात, कटर न लावता, आणि मनात आलं तर परत छप्पर लावतात.

अण्णांनी एकदा मे महिन्यात खरंच काढलं होतं. आम्ही तिघी बहिणी मागे उभ्या, पार्ल्याहून जुहूला. आई पुढे बसली होती डोक्यावर पदर घेऊन, ऊन म्हणून नाही, ओळखीचं कोणी बघेल म्हणून. बोल्ट परत लावताना दोन उरले. ते अजून शिवणाच्या डब्यात आहेत.

तेव्हा निलेश (निल्याचं निलेशच असणार), उघडी गाडी हवीच असेल तर छप्पर सुटणारी गाडी शोध. न सुटणारी सोडवू नकोस. कायदा तिलाही लागू असेल, ते वडाळावाले दादा सांगतील.

वडाळ्याच्या_खेपा

लागू आहे ताई. आरसीवर जे आहे ते आहे. पण अण्णांचा काळ वेगळा होता.

लालबागचा_निल्या

निलेशच. 🙂

काल संध्याकाळी गेलो होतो. चुंबक डाव्या रॉकरवर हातभर लांबीत चिकटतच नाही. मॅटिंग उचललं, त्याखाली डांबरासारखं काहीतरी, त्याखाली पत्र्याची चौकोनी पट्टी रिव्हेट मारून बसवलेली. पट्टीच्या कडेला स्क्रूड्रायव्हर दाबला आणि मुठीपर्यंत आत गेला. दुसऱ्या बाजूने खाली वाकून बघितलं तर टोक दिसत होतं, त्याला गंजाचा चुरा. मामा म्हणाले, "छप्पर राहू दे, हिला जमीनच नाही."

पत्राकाका

बरं झालं आधी बघितलंस. अशा गाडीचं आज फक्त छप्परच सगळं धरून आहे. तेच काढलं असतंस तर घोडीवरून उतरवताना मधून दुमडली असती. अतिशयोक्ती करत नाही. अशी एक डोळ्यांनी पाहिली आहे.

आता डिसेंबर विसर. तळ आणि दोन्ही रॉकर हेच तुझं पुढच्या सहा महिन्यांचं काम. ३० ऑक्टोबर २०२३पासून काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून गेल्या, म्हणून भंगारात त्यांचे सांगाडे अजून मिळतात. पण टॅक्सीच्या तळावर भरवसा ठेवू नकोस, तो तुझ्यापेक्षा वाईट असतो. टॅक्सीचं घ्यायचं तर दारं, बिजागऱ्या, काचा, हँडलं. तळाचा पत्रा नवा कापून, जुन्यावरच्या पन्हळ्या बघून तशाच दाबून बनवायचा. सपाट पत्रा मारू नकोस, त्या पन्हळ्या शोभेच्या नाहीत, त्यांनीच त्याला ताठपणा येतो. आणि एका वेळी एकच बाजू. दोन्ही बाजू एकदम उघडल्यास तर पुन्हा आमची शिवडी.

आकाश बघायचंच असेल तर एक मधला रस्ता आहे, माझा आवडता. कडा ठेवायच्या, नुसती मधली कातडी काढायची. सिट्रोएनच्या टू सीव्हीला १९४८पासून गुंडाळायचं कापडी छप्पर होतं, फियाटच्या छोट्या ५००लाही १९५७मध्ये होतं. अमेरिकेत १९५०च्या नॅश रॅम्बलरने दारांच्या वरच्या कडा तशाच ठेवून फक्त मधलं कापड मागे सरकवलं. पद्मिनीत पन्हळीच्या आतल्या बाजूने चार बोटं सोडून कापायचं, पुढच्या काचेच्या वरची पट्टी आणि मागच्या काचेच्या वरची पट्टी हात लावायची नाही, दोन्ही कडांच्या आतून पाइप, मधे एक कमान. कापलेली कड इंचभर वर वळवायची, नाहीतर पाणी थेट मांडीवर. चार कोपऱ्यांना चार नळ्या खांबातून खाली सोडायच्या. कापडाला रिक्षाचे हूड शिवणाऱ्याकडे जा, जीपवाल्यापेक्षा त्यांचा हात पाण्याला जास्त सरावलेला असतो. दारांच्या चौकटी, तिकोन्या काचा, सगळं जागेवर राहतं. ताकद थोडी जाते, पण पाठ मोडत नाही.

वडाळ्याच्या_खेपा

काका, कापडी छप्पर हासुद्धा कायद्याच्या नजरेत बदलच. आधी आरटीओत लेखी विचारल्याशिवाय ब्लेड लावू नये.

पत्राकाका

मान्य. म्हणून तर म्हटलं आवडता रस्ता, सोपा नाही म्हटलं. मला विचारशील तर १९८४ची टपासकट उरलेली खासगी पद्मिनी कापूच नये. कापायची हौस असेल तर कुर्ल्याहून नोंदणी रद्द झालेला सांगाडा आण, वखारीत उभा कर, हवा तसा काप, वर बसून चहा पी. रस्त्यावर न्यायचा नाही. माझी अर्धी विद्या अशाच कापलेल्या सांगाड्यांवरून आली आहे.

वरातीला उघडी जीप भाड्याने मिळते. तिला चेसिस असते.

लालबागचा_निल्या

शेवटचं अपडेट. काल बाबांना वखारीत घेऊन गेलो. स्क्रूड्रायव्हर तसाच पट्टीत रुतवून ठेवला होता, दाखवायला. त्यांनी तो काढला, भोकात बोट घातलं, थोडा वेळ तसेच उकिडवे बसून राहिले. मग म्हणाले, "ही पट्टी मी मारून घेतली होती. सत्त्याण्णव साली. तेव्हा पैसे नव्हते, म्हटलं दोन वर्षं निघतील." सव्वीस वर्षांहून जास्त निघाली. त्यांनी छप्परावर हात फिरवला, काही बोलले नाहीत, पण येताना टॅक्सीत स्वतःहून विचारलं, नवा तळ किती दिवसांत होईल.

म्हणजे छप्पर राहणार. जीपचं ताईला सांगितलं, ती म्हणाली मला बंद गाडीच हवी होती, केस बसवायला तीन तास जातात.

काका, डावी बाजू आधी घेऊ की उजवी? डावीकडे रॉकर पूर्ण गेलाय, उजवीकडे अजून आवाज बरा येतो. आणि पन्हळ्या दाबायला साधं लाकूड चालेल का? मामांकडे सागवानाचे तुकडे आहेत.

पत्राकाका

उजवी आधी. जी बरी आहे तिच्यावर हात बसव, माप तिथूनच मिळेल, मग तेच उलटं डावीकडे. सागवान मऊ पडेल, शिसम असेल तर बघ. रविवारी अकराला येतो. वखारीत पंखा आहे ना?